नॅव्हिसवर्क्स मॅनेज : स्लॅब टाकायच्या आधी सापडलेली भांडणं

निपाणीत एका तीन मजली दवाखान्याचं काम मी बघतोय. आर्किटेक्ट बेळगावचे, स्ट्रक्चरल इंजिनिअर कोल्हापूरचे, प्लंबिंग आणि एसीची ड्रॉइंग हुबळीहून येतात. ज्याचं त्याचं ड्रॉइंग बरोबरच असतं. मागच्या एका इमारतीतही तसंच होतं. तरी स्लॅब टाकून झाल्यावर मेस्त्रींनी विचारलं, "साहेब, पाईपला वाट कुठनं ठेवलायसा?" मग बीममध्ये कोअर कटिंग (मशीननं आरपार भोक पाडणं) करावं लागलं आणि त्यात सळी कापली गेली. ती गोष्ट अजून मनातून जात नाही.

म्हणून या वेळी तिघांकडूनही रेव्हिट मॉडेल (रेव्हिट सॉफ्टवेअरमध्ये काढलेली इमारतीची थ्रीडी मॉडेल) मागून घेतली आणि नॅव्हिसवर्क्स मॅनेजमध्ये, म्हणजे अशी मॉडेल एकत्र करून तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एकावर एक बसवली. त्यातल्या क्लॅश डिटेक्टिव्ह या टक्कर (क्लॅश) शोधणाऱ्या भागात एका बाजूला बीम, दुसऱ्या बाजूला डक्ट (एसीची हवा नेणारे मार्ग) निवडायचे आणि टेस्ट लावायची. एकमेकांत घुसलेल्या वस्तू लाल-हिरव्या दिसतात.

पहिल्याच दिवशी कॉरिडॉर सापडला. स्लॅब ते स्लॅब ३३०० मिमी, बीम ६०० उंचीचा, फरशीला ५० गेले, फॉल्स सीलिंग फरशीपासून २४०० वर. म्हणजे बीमखाली उरले २५० आणि डक्ट इन्सुलेशनसकट ३५० चा! कागदावर हे तीन वेगवेगळ्या शीटवर होतं, कुणाला दिसणार? कॉरिडॉरचा गाळा (बीमच्या दोन आधारांमधलं अंतर) लहान, त्यामुळे कोल्हापूरच्या साहेबांनी हिशोब तपासून तिथले बीम ४५० चे करून दिले. डक्ट बसला, सीलिंगच्या फ्रेमलाही ५० मिमी राहिले. सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा आणि टेकू) लागायच्या आधी हे झालं, याचं मोल मला विचारा.

सगळ्याच क्लॅशना घाबरू नका. एकच पाईप पाच बीममधून गेला तर यादीत पाच ओळी येतात. विटांच्या भिंतीतून जाणारा पाईपही क्लॅश म्हणून दिसतो. टॉलरन्स (किती मिमीपर्यंतची टक्कर सोडून द्यायची ते) ठरवून घ्या, एका कारणाचे क्लॅश एका गटात बांधा, मग खरे प्रश्न हाताच्या बोटांवर येतात. नुसती टक्करच बघू नका, क्लिअरन्सचीही टेस्ट लावा. व्हॉल्व्ह फिरवायला हात जाईल एवढी जागा मोकळी पाहिजे की नको?

विकत घेताना मॅनेजच घ्या. नॅव्हिसवर्क्सच्याच सिम्युलेट या आवृत्तीत क्लॅश डिटेक्टिव्ह नाही. साईटवर नुसतं बघायला फ्रीडम ही तिसरी आवृत्ती फुकट मिळते. आमच्याकडं प्लंबर कानडी बोलणारा, मेस्त्री मराठी. लॅपटॉपवर लाल पाईप हिरव्या बीमात घुसलेला दाखवला की दोघंही लगेच टेप काढतात. मला तर हे सॉफ्टवेअर त्यासाठीच जास्त आवडलं.

एक मात्र कळकळीनं सांगतो. मॉडेलमध्ये जे काढलेलं नाही, ते क्लॅशमध्ये येणार नाही. संडासाच्या ११० मिमी पाईपला ६० ला १ ढाळ धरला, तर सहा मीटरमध्ये तो १०० मिमी खाली उतरतो. मॉडेलमध्ये तोच पाईप आडवा सरळ काढला असेल, तर टेस्ट स्वच्छ येते आणि साईटवर पाईप बीमला अडतो. दुसऱ्या मजल्याच्या टॉयलेटचं मॉडेल मी तेवढ्यासाठी हुबळीला परत पाठवलंय. ढाळ देऊन आलं की टेस्ट पुन्हा लावणार, तोवर तिथलं सेंटरिंग थांबवलंय.