1293 सीसी ए-सिरीज इंजिन: रॅलीच्या एका हंगामानंतरचा अनुभव

हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधली सील) पुन्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्येच उडाले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. गाडी 1960 च्या दशकातील मिनी कूपर एस आहे आणि तिचे ए-सिरीज इंजिन (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे, म्हणजे बीएमसीचे) मूळचे 1275 सीसीचे, 0.020 इंच बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवून 1293 सीसी केलेले आहे. ऐतिहासिक रॅलींमध्ये 1300 सीसीच्या वर्गात उतरणारे बहुतेक जण इथवरच येऊन थांबतात. दोन एसयू कार्ब्युरेटर, सरळ दातांचे ड्रॉप गिअर, ऑइल कूलर, मधल्या ताकदीचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) ही जुळणी वाचकांच्या परिचयाची असेल, तेव्हा तिच्या तपशिलात जात नाही. वेल्समधील अरुंद डोंगरी रस्त्यांवरच्या रात्रीच्या रॅली, सरावाच्या फेऱ्या आणि रोजचा थोडा प्रवास एवढा वापर या इंजिनाने पाहिला आहे.

आधी चांगले सांगतो, कारण ते खरोखर चांगले आहे. मिनिटाला 2500 फेऱ्यांपासून हे इंजिन मनापासून ओढते, आणि वळणातून बाहेर पडताना गिअर बदलण्याची घाई करावी लागत नाही. कूपर एसच्या तिन्ही इंजिनांचा बोअर एकच, 70.6 मिमी, होता आणि फरक होता तो स्ट्रोकचा (पिस्टनच्या वर-खाली प्रवासाच्या लांबीचा): 970 सीसीसाठी 61.9 मिमी, 1071 साठी 68.3 मिमी आणि 1275 साठी 81.3 मिमी. 1964 साली पॅडी हॉपकर्क आणि हेन्री लिडन यांनी माँटे कार्लो रॅली जिंकली ती 1071 सीसीच्या, जास्त फेऱ्यांवर पळणाऱ्या इंजिनाने. पुढच्या वर्षी भर हिमवृष्टीत टिमो मॅकिनेन आणि पॉल ईस्टर जिंकले, तेव्हा गाडीत 1275 होते. निसरड्या चढावर हा लांब स्ट्रोक चाकांना जो सलग, समजूतदार जोर देतो, तो अनुभवल्यावर बीएमसीच्या अबिंग्डन येथील स्पर्धा विभागाने रॅलीसाठी 1275 का धरून ठेवले, हे कोणालाही पटेल.

मात्र या मोठ्या बोअरची किंमत एका ठरावीक जागी मोजावी लागते आणि माझा सगळा राग त्या जागेवर आहे. ए-सिरीज 1951 साली ऑस्टिन ए30 मध्ये आले तेव्हा ते अवघे 803 सीसीचे होते. त्याच मांडणीचा ब्लॉक पुढे 1275 सीसीपर्यंत वाढवायचा, पण लांबी वाढवायची नाही, कारण मिनीत इंजिन आडवे बसते आणि दोन चाकांमध्ये जागाच नाही. म्हणून बाहेरचे दोन सिलिंडर आणखी बाहेर सरकवले गेले आणि मधले दोन एकमेकांजवळ आणले गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये उरली ती एक अरुंद पट्टी, आणि गॅस्केटला धरायला तेवढीच जागा मिळते.

एवढ्यावर भागत नाही. हेडमध्ये व्हॉल्व्हचा क्रम असा आहे की, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकमेकांना खेटून, नेमके त्या पट्टीच्या वर येतात, आणि दोघांचा धूर एकाच मधल्या पोर्टातून (वायूच्या वाटेतून) बाहेर पडतो. म्हणजे संपूर्ण इंजिनातील सर्वांत तप्त जागा आणि सर्वांत अरुंद जागा एकमेकींवर आलेल्या आहेत. कूपर एसच्या हेडला साध्या ए-सिरीजच्या नऊऐवजी अकरा ठिकाणी आवळलेले असते, तेही ही पकड वाढवण्यासाठीच. तरीही हवा-पेट्रोलचे मिश्रण जरा पातळ झाले, इग्निशन जरा पुढे गेले (ठिणगी लवकर पडली) किंवा लांब चढावर पाणी तापले, की पहिला घाव तिथेच बसतो. लक्षण ठरलेले आहे: गाडी अचानक दोन सिलिंडरवर लंगडू लागते आणि कॉम्प्रेशन तपासले की मधले दोनही सिलिंडर सारखेच पडलेले दिसतात.

आता कार्यशाळेविषयी, कारण खर्चाचा मोठा भाग तिथे गेला. ज्या कार्यशाळेने इंजिन बांधले, तिने हेडचे फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणे) करून दिले, परंतु ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाला हात लावला नाही. पहिले गॅस्केट उडाले तेव्हा सांगण्यात आले की, रॅलीत असे होतच असते. दुसऱ्यांदा उडाले तेव्हा मी सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजणाऱ्या पातळ पट्ट्या) घेऊन ब्लॉक त्यांच्यासमोर तपासायला लावला आणि मधल्या दोन सिलिंडरच्या भोवती पृष्ठभाग खाली बसलेला असल्याचे स्पष्ट दिसले. गॅस्केटची किंमत 30 पौंडांच्या आतच असते. पण दर वेळी हेड उतरवण्याची मजुरी, कूलंट, तेल आणि बुडालेल्या रॅलीचे प्रवेशशुल्क मिळून होणारी रक्कम पाहता, सुरुवातीलाच ब्लॉकचे फेसिंग न करणे ही ग्राहकाची फसवणूकच आहे असे माझे ठाम मत आहे. मजुरीचा काही भाग त्यांनी शेवटी माफ केला, तोही बऱ्याच पत्रव्यवहारानंतर. पुढचे काम मी दुसरीकडे करवून घेतले: ब्लॉकचे फेसिंग, नवे मजबूत स्टड, चांगल्या प्रतीचे मिश्र गॅस्केट, आणि इंजिन तापून थंड झाल्यावर पुन्हा आवळणी.

त्यानंतर हे इंजिन ज्या रीतीने चालले आहे, त्यामुळे माझे आणखी एक मत बदलले. या हेडला इनटेकचे (मिश्रण आत घेणारे) फक्त दोन पोर्ट आहेत, पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरला मिळून एक, तिसऱ्या आणि चौथ्याला मिळून दुसरा. फायरिंगचा क्रम 1-3-4-2 असल्यामुळे मधल्या सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह पुरता मिटण्याआधीच शेजारचा बाहेरचा सिलिंडर त्याच पोर्टातून ओढू लागतो आणि आतल्याच्या वाट्याचे मिश्रण पळवतो. कॅम जितका उग्र, तितकी ही पळवापळवी अधिक. या मांडणीला मी पूर्वी निव्वळ कमतरता मानत होतो. आज माझे म्हणणे वेगळे आहे. अभियंते हॅरी वेसलेक यांच्या हृदयाच्या आकाराच्या ज्वलनकक्षाने आणि डाउनटन या ट्यूनिंग कंपनीच्या डॅनियल रिचमंड यांनी पोर्टांवर केलेल्या कामाने, कमी फेऱ्यांवर वायूचा वेग टिकवून ठेवून, इनटेकचे दोन आणि एक्झॉस्टचे तीन अशा याच पाच पोर्टांतून 1275 एसला कारखान्यातून 76 अश्वशक्ती मिळवून दिली, आणि रस्त्यावर उपयोगी पडणारा जोर त्यात आहे. अँबॅसेडरचे 1489 सीसीचे हेड ज्यांनी कधी उघडले असेल, त्यांना ही मांडणी लगेच ओळखता येईल, कारण ते बीएमसीचे बी-सिरीज इंजिन आणि त्यातही पाचच पोर्ट.

फोर्डने वेगळी वाट धरली. एस्कॉर्टसाठी आपल्या केंट इंजिनाच्या ब्लॉकवर कॉसवर्थ या इंजिन कंपनीचे सोळा व्हॉल्व्हचे बीडीए हेड चढवले, पुढे ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणून दोन लिटरपर्यंत मजल मारली, आणि 1972 ते 1979 अशी सलग आठ वर्षे ब्रिटनची आरएसी रॅली एस्कॉर्टने जिंकली. अबिंग्डननेही अखेरच्या काळात आठ पोर्टांचे क्रॉसफ्लो हेड (एका बाजूने मिश्रण आत, दुसऱ्या बाजूने धूर बाहेर) वापरले होते, पण 1970 मध्ये तो विभागच बंद झाला. आजच्या ऐतिहासिक वर्गांचे नियम पाहता ते हेड सामान्य स्पर्धकाच्या कामाचे नाही, आणि बीडीएचा खर्च माझ्यासारख्या माणसाने मनातही आणू नये.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. गिअरबॉक्स इंजिनाच्याच तेलात फिरतो, त्यामुळे तेल 3000 मैलांपूर्वीच बदलावे आणि जस्ताचे प्रमाण चांगले असलेले 20डब्ल्यू-50 वापरावे. ड्रेन प्लगच्या चुंबकावरची भुकटी दर वेळी न चुकता पाहावी. ई10 पेट्रोल (10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले) मी भरत नाही. महाग असले तरी ई5 सुपर घेतो, कारण ई10 मुळे मिश्रण पातळ होते आणि त्याचा भार पुन्हा त्या मधल्या पट्टीवरच येतो. डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) समोर, जाळीच्या मागे असल्याने पावसात भिजतो, तेव्हा त्यावर रबरी आवरण हवेच.

असे इंजिन घेणाऱ्याने वेबर कार्ब्युरेटरची पावती पाहण्याआधी ब्लॉकच्या फेसिंगची पावती मागावी, आणि ती नसेल तर हेड उतरवण्याचा पूर्ण खर्च किमतीतून वळता करून घ्यावा. माझ्याकडे वेबरसाठी बाजूला काढलेले पैसे होते. त्यातून आता सिलिंडर हेडच्या तापमानाचा गेज आणि मोठा रेडिएटर येणार आहे, आणि दोन्ही एसयू आहेत तसेच राहतील.