१२,००० डॉलरच्या अ‍ॅडव्हान्सपायी माझा गेम हातचा गेला

सही करायच्या आदल्या रात्री गेम प्रकाशकाबरोबरच्या कराराची पीडीएफ उघडून बसले होते. सातव्या पानावर ‘नेट रेव्हेन्यू’ची व्याख्या होती: स्टोअरचा वाटा, कर, रिफंड आणि ‘प्रकाशकाला योग्य वाटेल तो प्रकाशन खर्च’ वजा जाता उरेल ती रक्कम. त्या शेवटच्या शब्दांवर मी स्वतः पिवळा हायलाइट मारला होता. कॉलवर विचारलंही, या खर्चाला मर्यादा किती? प्रकाशकाचा माणूस म्हणाला, “हे स्टँडर्ड कलम आहे, सगळेच सही करतात. विश्वास नसेल तर इथेच थांबू.” मी गप्प बसले. हायलाइट पुसला आणि सही केली. तो पुसलेला पिवळा पट्टा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी अडाणी नाही. आधी विक्रीतून प्रकाशकाचा अ‍ॅडव्हान्स वसूल होतो, मग वाटणी, हे मला माहीत होतं. पण तीन वर्षं एकटीनं गेम बनवत होते, शिल्लक चार महिने पुरेल एवढीच उरली होती आणि समोर ३,००० डॉलरचे चार हप्ते होते, पुढे निम्मी-निम्मी वाटणी. माझ्या जागी कोणीही सही केली असती.

दोन हप्ते आले. तिसऱ्या माइलस्टोनला, म्हणजे कामाच्या तिसऱ्या टप्प्याला, ‘पॉलिश कमी आहे’ म्हणून बिल्ड, म्हणजे गेमची तोवर तयार झालेली आवृत्ती, चार वेळा परत पाठवला. काम मान्य कधी समजायचं, हे करारात नव्हतंच. ते लेखी घ्या, दिवसांच्या मुदतीसकट. उरलेले ६,००० आले नाहीत. गेम मात्र त्यांनी रिलीज केला, त्यांच्या अकाउंटवरून.

पहिलं स्टेटमेंट असं: रिफंड आणि कर वजा करून विक्री ३१,०००. गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन स्टोअरचे ३० टक्के, म्हणजे ९,३०० गेले. उरले २१,७००. त्यातून अ‍ॅडव्हान्स ६,०००, मार्केटिंग १४,८५०, भाषांतर ४,२००. माझ्या नावावर उणे ३,३५०! मार्केटिंगच्या पावत्या मागितल्या तर एका ओळीची एक्सेल शीट आली. आणि भाषांतर? एका जर्मन खेळाडूनं स्क्रीनशॉट पाठवला. सेव्हच्या बटणावर ‘रेटन’ लिहिलंय, म्हणजे बुडणाऱ्याला वाचवतात तसं वाचवणं. खर्चाला आकड्यात कमाल मर्यादा घाला. पावत्या तपासायचा हक्कही घाला, आणि तफावत निघाली तर तपासणीचा खर्च त्यांच्यावर.

पोलिसांकडे तीन खेपा घातल्या. पहिला प्रश्न, “ऑनलाइन गेममध्ये किती पैसे लावले होते?” गेम मी बनवलाय, खेळून हरले नाही, हे समजावण्यात अर्धा तास गेला. मग, “सही तुमचीच ना? हा दिवाणी मामला आहे.” दुसऱ्या खेपेला ते साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला अर्जच सापडेना. पंचेचाळीस पानांचे ईमेल छापून नेले होते, कोणी पान उलटलं नाही. लुबाडणाऱ्यानं कागदावर सही घेतली की तो गुन्हा राहत नाही का? वकिलानं करार वाचला आणि लवादाचं कलम दाखवलं: वाद त्यांच्याच शहरात, त्यांच्याच भाषेत. तिथे उभं राहायचा खर्चच ३,३५० च्या वर जातो.

स्टीमवर गेम टाकायची फी १०० डॉलर आहे. तेवढे माझ्याकडे होते. स्टोअर पेज स्वतःच्या अकाउंटवरच ठेवा, प्रकाशक कितीही गोड बोलला तरी. आणि हप्ते थकले तर हक्क आपोआप परत येतील, हे कलम नसेल तर उठून या.

काल नवीन स्टेटमेंट आलं. त्यात ‘अकाउंट मॅनेजमेंट’चे २५० डॉलर वाढलेत. जर्मनीतून अजून तक्रारी येतात. तो एक शब्द बदलायला मला पाच मिनिटं पुरतील, पण गेम अपडेट करायची परवानगी माझ्याकडे नाही.