पिग्मी एजंटाच्या नजरेनं मॅगीबाईंचं घर

लेक अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडला असते. मॉल बघून बघून कंटाळले, तेव्हा जावई म्हणाले, "आई, चला, एका बँकवाल्या बाईंचं घर दाखवतो." कराडच्या मंडईत २६ वर्षं मी पतसंस्थेची पिग्मी गोळा केली. तेच त्यांच्या मनात असावं.

जॅक्सन वॉर्ड ही इथल्या काळ्या लोकांची जुनी पेठ. पुढे मधूनच हायवे नेला नि निम्मी मोडली. तिथं ली स्ट्रीटवर हे विटांचं, २८ खोल्यांचं घर आहे. सरकारच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे, तिकीट नाही. रेंजर बरोबर घेऊन फिरवतात, म्हणून वेळ विचारून जा.

मॅगी लीना वॉकर. आई लोकांचे कपडे धुवायची, आणि ही पोर ते घरोघर पोचवायची. बाई म्हणायच्या, मी काही चांदीचा चमचा तोंडात घेऊन आले नाही, धुण्याची टोपली डोक्यावर घेऊन आले. १८९९ मध्ये सेंट ल्यूक नावाच्या मंडळाच्या सचिव झाल्या. आजारपणाला, मयताला पैसे देणारं काळ्या लोकांचं मंडळ ते. तेव्हा तिजोरीत होते ३१ डॉलर ६१ सेंट! आधीच्या सचिवाला वर्षाला ३००, बाईंनी १०० घेतले. (बाईला कमी पगार ही पद्धत अजून चालू आहे, पण तो विषय वेगळा.)

मग २ नोव्हेंबर १९०३ ला सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक उघडली. पहिल्याच दिवशी नऊ हजारांवर डॉलर जमा झाले. एकानं म्हणे फक्त ३१ सेंट भरले. जावयांनी हे सांगितलं आणि मी तिथंच थांबले. बाकीचे पुढच्या खोलीत गेले तरी मी तिथंच. कारण तो माणूस मला माहीत आहे. कोथिंबीरवालीचे रोजचे पाच रुपये मी पुस्तकात लिहायचे, तेव्हा काउंटरवरची पोरं हसायची. बाईंच्या बँकेत पोरांनासुद्धा साठवायला छोटी पेटी द्यायचे. डॉलरभर झाला की खातं. १९२० पर्यंत सुमारे ६०० घरांना बँकेनं कर्ज दिलं होतं. धुणंभांडी करणाऱ्यांच्या चिल्लरीतून!

अमेरिकेत बँकेची सनद मिळवणाऱ्या त्या पहिल्या काळ्या बाई, हे सगळीकडे छापलेलं असतं. मला मात्र त्यांचं दुकान जास्त भावलं. १९०५ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवर कापडचोपडाचं मोठं दुकान काढलं, काउंटरवर काळ्या मुली उभ्या केल्या. गोऱ्या व्यापाऱ्यांनी घाऊकवाल्यांवर दाब आणला, आणि काही वर्षांत ते बंद पडलं. त्याआधी १९०४ मध्ये ट्रामवर बहिष्कार टाका, असं आपल्या पेपरात लिहिणाऱ्याही ह्याच.

घरातलं सामान त्यांचंच आहे, कारण कुटुंबानं १९७९ मध्ये घर दिलं ते तसंच. पुस्तकांची खोली बघाच. पडद्यांत मला रस नाही. जुनी पासबुकं बघत मी तासभर बसले असते.

याच घरात १९१५ मध्ये बाईंच्या मुलानं वडिलांना चोर समजून गोळी घातली. मुलावर खटला चालला, तो सुटला. हे ऐकल्यावर आम्ही थोडा वेळ कोणी काही बोललो नाही.

पुढे पाय गेले, तेव्हा १९२८ च्या सुमारास बाईंनी घरातच लिफ्ट बसवून घेतली, गाडीतही चाकाची खुर्ची चढेल अशी सोय केली, आणि कामावर जात राहिल्या. १९३४ मध्ये वारल्या. ब्रॉड आणि ॲडम्स स्ट्रीटच्या कोपऱ्यावर त्यांचा दहा फुटी ब्राँझचा पुतळा २०१७ मध्ये बसवला आहे. घरापासून चालत जाता येतं. माझे गुडघे दुखत होते, तरी गेले.

पाचपैकी पाच. पाण्याची बाटली बरोबर ठेवा. आणि नातवंडं असतील तर येताना एक गल्ला घ्या. आमच्या चिमीनं गाडीतच मागितला.