ममीच्या पोटात डोकावायचं, की ममीच बनवायची?

प्राचीन इजिप्तमधल्या प्राण्यांच्या ममींचा अभ्यास करायचा तर दोन वाटा दिसतात. लाहोरमध्ये जन्मलेल्या आणि कैरोच्या अमेरिकन विद्यापीठात शिकवणाऱ्या पुरातत्त्वज्ञ सलीमा इकराम दोन्ही वाटांनी गेल्या आहेत.

पहिली वाट एक्स-रे आणि सीटी स्कॅनची. पट्ट्यांना हात लावायचा नाही, कारण एकदा सोडलेली ममी पुन्हा तशी बांधता येत नाही. कैरोच्या संग्रहालयातल्या ममींचे इकराम यांनी एक्स-रे काढले. मँचेस्टरच्या पथकाने 800 हून अधिक ममी तपासल्या, तर जवळपास एक तृतीयांश गाठोड्यांत प्राण्याचा अवशेषच नव्हता. चिखल, काड्या, फार तर पिसं किंवा अंड्यांची टरफलं. (नवस बोलून, देवाला वाहण्यासाठी अशा ममीचे पैसे मोजणाऱ्या त्या काळच्या भाविकाला हे ठाऊक असेल का?) 2020 मध्ये स्वान्सी विद्यापीठाच्या सूक्ष्म स्कॅनमध्ये एका ममीतलं मांजर पाच महिन्यांहूनही लहान असल्याचं दातांवरून कळलं.

दुसरी वाट नाकाला रुमाल लावून चालायची. मेलेले ससे घ्यायचे, आतडी काढायची, नेट्रॉन या क्षारात पुरायचे आणि थांबायचं. किती क्षार लागतो, तो कधी बदलायचा, वास कधी असह्य होतो, हे कुठलंही स्कॅन सांगत नाही. धर्मश्रद्धेबद्दल मात्र ससा काही बोलत नाही.

मला विचाराल तर नवख्याने सशापासून सुरुवात करावी. स्कॅनरसाठी निधी मिळेपर्यंत हातात काहीतरी काम तरी असेल.