रात्रपाळीचा पगार की घरच्या शिकवण्या? परदेशी शिकवायला जाण्याआधीची दीड-दोन वर्षं

थायलंडला जाऊन इंग्रजी शिकवायचं पक्कं झालंय, पदवी हातात आहे आणि मधली दीड-दोन वर्षं मुंबईत घरीच राहून पैसे साठवायचे आहेत. अशांसमोर साधारण दोन वाटा असतात: मालाड, पवई, ऐरोलीकडच्या कॉल सेंटरची रात्रपाळी, नाहीतर घरच्या घरी इंग्रजीच्या शिकवण्या. मी शिकवण्यांची वाट धरली. तरी कॉल सेंटरच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे, म्हणून आधी तेच.

पगार ठरल्या तारखेला खात्यात येतो, आणि साठवण्याच्या कामात याहून मोठी मदत नाही. समजा हातात २५ हजार पडतात. पगार १ तारखेला येत असेल तर २ तारखेला १२ हजारांचं रिकरिंग (दरमहा ठरावीक रकमेची आवर्ती ठेव) कापलं जाईल अशी सोय करायची. १८ महिन्यांत २,१६,००० मुद्दल जमतं आणि ६ टक्के दर धरला तरी व्याज दहा हजारांहून थोडं जास्त होतं. रिकरिंग बँकेतच काढा. पोस्टाचं आवर्ती खातं पाच वर्षांचं असतं आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही, त्यामुळे दीड वर्षाने निघणाऱ्याचे पैसे तिथे अडकतात. शिवाय पगाराची स्लिप, फॉर्म १६ (पगार आणि कापलेला कर दाखवणारा कंपनीचा दाखला) आणि अनुभवाचं पत्र आपसूक मिळतं. पुढे व्हिसासाठी कुणी उत्पन्नाचा पुरावा मागितला तर हीच कागदपत्रं पुढे करता येतात.

आणखी एक फायदा उच्चारांचा. आपण मराठी माणसं ‘व्हेरी वेल’मधले दोन्ही ‘व’ बहुधा एकसारखेच काढतो. व्हॉइस प्रोसेसच्या (फोनवर बोलायच्या कामाच्या) प्रशिक्षणात हे आठवडाभर घोटून घेतात: पहिल्याला वरचे दात खालच्या ओठावर, दुसऱ्याला ओठांचा चंबू आणि दात कुठेच नाहीत. परदेशी वर्गात उभं राहणाऱ्याला हे फुकट मिळतंय, हे विसरू नये.

पण पाळीचं गणित नीट बघा. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं सरकली की इकडची झोपही एक तास सरकते. नऊ तासांच्या पाळीला दोन्हीकडची कॅब जोडली की बारा तास गेले. ड्रॉपच्या क्रमात शेवटचं नाव तुमचं असेल तर घरी पोचेपर्यंत खाली दूधवाला आलेला असतो. मग दुपारी एक-दोनपर्यंत झोप, आणि पाचच्या सुमाराला पुन्हा पिकअपचा फोन.

माझा कौल ठरला तो इथे. परदेशी शिकवायला लागणारा प्रत्येक कागद दिवसा उघड्या असणाऱ्या खिडकीतून निघतो. ट्रान्स्क्रिप्टसाठी (सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी) कलिन्याला विद्यापीठाच्या परीक्षा भवनात जावं लागतं, एका फेरीत काम क्वचितच होतं. पोलीस क्लिअरन्ससाठी (नावावर गुन्हा नसल्याच्या दाखल्यासाठी) अंधेरी, मालाड, लोअर परळ किंवा ठाण्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्यायची, ५०० रुपये फी भरायची आणि वर स्थानिक पोलीस ठाण्याची चक्कर. पदवीवर राज्याचा आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. देश अपोस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा आंतरराष्ट्रीय दाखला) मानणारा नसेल तर त्याच्या वकिलातीचाही. या सगळ्या खिडक्या उघड्या असतात नेमक्या त्याच वेळी रात्रपाळीवाला झोपलेला असतो. साप्ताहिक सुट्टीत करू म्हणावं, तर सुट्टीचा वार रोस्टरप्रमाणे (पाळ्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे) बदलतो आणि पुढच्या आठवड्याचं रोस्टर हातात येतं ते शेवटच्या क्षणी. तीन आठवड्यांनंतरची अपॉइंटमेंट घ्यायची तरी कशाच्या भरवशावर? दिसायला ही बारीकशी कटकट आहे, पण जाणं सहा-सहा महिने लांबलेलं बघितलंय ते पैशापायी कमी आणि यापायी जास्त.

त्यात नावाची भानगड निघाली की फेऱ्या वाढतात. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव असतं. पासपोर्टवर आईचं नाव त्या ओळीत नसतंच. परदेशी शाळेच्या ऑफिसला ही दोन वेगळी माणसं वाटतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून आधीच करून ठेवा आणि अर्ज पाठवताना पहिल्याच मेलला जोडा.

आता शिकवण्यांकडे. पैसा कमी आहे, हे आधीच मान्य करतो. सात-सात मुलांच्या दोन बॅच, महिना १,५०० रुपये फी, म्हणजे भरल्या महिन्यात २१ हजार. पण हे महिने जून ते फेब्रुवारी एवढे नऊच. वर्षाचे १,८९,००० होतात, आणि तेही बॅच भरल्या तर. पहिल्या जूनमध्ये चार मुलं आली तरी चांगली सुरुवात म्हणायची. एप्रिल-मेमध्ये सहा आठवड्यांची स्पोकन इंग्लिशची बॅच लावली तर थोडा हात मिळतो. फीचा भाव वस्तीवर ठरतो; विलेपार्ल्यातला आकडा ठाण्यापलीकडच्या दिव्यात चालत नाही.

खरी गळती होते ती वसुलीत. फी महिन्यामागे घेतली की ‘पुढच्या महिन्यात एकदम देतो’ सुरू होतं आणि दिवाळीनंतर दोन मुलं गळतात ती बाकी ठेवूनच. म्हणून फी तिमाहीची आणि आगाऊ घ्यावी: जून, सप्टेंबर, डिसेंबर. एकरकमी देणाऱ्याला शंभर-दोनशे सोडले तरी परवडतं. फीसाठी वेगळं बचत खातं काढा आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा लावा, नाहीतर ती घरखर्चात कधी मिसळली ते कळतही नाही. इथे रिकरिंग जमत नाही. कोरड्या महिन्यांत हप्ता चुकतो आणि दंड बसतो. त्याऐवजी पाच हजार साठले की छोटी मुदत ठेव करायची. ऐन वेळी एखादी मोडावी लागली तर बाकीच्यांना धक्का लागत नाही. कर बसत नसला तरी आयकर विवरण भराच, कारण तुमच्याकडे फॉर्म १६ नसणार.

जागेचाही विचार हवा. वन बीएचकेच्या बाहेरच्या खोलीत सातच्या वर मुलं बसत नाहीत, आणि जिन्यात चपलांचा ढीग दिसला की सोसायटीची तक्रार ठरलेलीच. दारात दोन फळ्यांचा रॅक ठेवा आणि दोन बॅचमध्ये पंधरा मिनिटांचं अंतर सोडा.

शिकवण्यांमधला खरा धोका शिकवण्याच्या पद्धतीतच आहे. आपण वाक्य वाचतो, मराठीत अर्थ सांगतो आणि पुढे जातो. थायलंडमध्ये हा आधारच नाही, तिथे मुलांची भाषा तुम्हाला येत नसते. म्हणून एक बॅच मराठी माध्यमाच्या पाचवी ते सातवीच्या मुलांची घ्या आणि त्या तासाला मराठी पूर्ण बंद ठेवा. ‘बिटवीन’ शिकवायचं तर डस्टर दोन वह्यांच्या मध्ये ठेवायचं, मग एका मुलाला दोघांच्या मध्ये उभं करायचं, आणि शेवटी ‘व्हेअर इज रोहन?’ विचारायचं. ‘समजलं का?’ असं विचारायचंच नाही, मुलं हो म्हणतात. मुलाखतीत पंधरा-वीस मिनिटांचा डेमो मागतात, तेव्हा कामी येतं ते हेच. १२० तासांच्या टेफल (परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याच्या) कोर्समधलं सकाळी वाचलेलं संध्याकाळी करून बघता येतं, ही सोय हेडसेट लावून मिळत नाही. अनुभवाच्या पत्राची उणीव मात्र राहते. ती भरायला एखाद्या नोंदणीकृत क्लासमध्ये आठवड्याचे दोन दुपारचे तास घ्या आणि निघताना लेटरहेडवर पत्र मागा.

डोक्यावर कर्जाचा हप्ता असेल किंवा घरात पगार आणणारं दुसरं कुणी नसेल, तर कॉल सेंटरच बरं, यात मला शंका वाटत नाही. तेव्हा निदान यूकेची पाळी किंवा चॅट प्रोसेस (ग्राहकांना लिहून उत्तरं द्यायचं काम) मागून बघा. लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे दीड-अडीच, त्यामुळे सकाळ मोकळी राहते. नोटीस पीरियड एक महिन्याचा की दोन, हे सही करण्याआधी वाचा. नोटीस न देता निघालात तर रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) अडकतं.

एरवी वर्षाचा क्रम शिकवण्यांशीच जुळतो असं मला वाटतं. दहावीची परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटाकडे सुरू होऊन मार्चच्या मध्यावर संपते आणि थाई शाळांचं वर्ष मेच्या मध्यावर उघडतं. ट्रान्स्क्रिप्ट आणि पदवीवरचे शिक्के पावसाळ्यात उरकायचे. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडे टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे ६०० गुण बहुतेक ठिकाणी मागतात. तो निकाल दोन वर्षं चालतो, म्हणून परीक्षा दिवाळीच्या सुट्टीत द्यावी. पोलीस क्लिअरन्स सहा महिन्यांनी जुनं धरतात, ते फेब्रुवारीच्या आधी काढू नये. तिकडे खोली घेताना दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि महिन्याचं आगाऊ भाडं सर्रास मागतात, आणि पहिला पगार महिना भरल्यावरच होतो. तेवढ्या रकमेच्या मुदत ठेवी एप्रिलअखेर पिकतील अशा बेताने आधीपासूनच तारखा टाका.