साइट, बिलिंग की बीआयएम? सिव्हिलच्या पहिल्या नोकरीआधी

सिव्हिलचा डिप्लोमा किंवा बी. ई. झालेल्यांना पुण्या-मुंबईत खासगी क्षेत्रात प्रामुख्याने तीन प्रकारची कामं दिसतात: साइट इंजिनिअर, बिलिंग इंजिनिअर (झालेलं काम मोजून बिल करणारा) आणि बीआयएम मॉडेलर (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे इमारतीचं संगणकावर त्रिमितीय मॉडेल करणारा). पदवी एकच, पण अंगी लागणारे गुण बरेच वेगळे.

साइटवर उन्हातान्हात उभं राहावं लागतं आणि स्लॅबच्या दिवशी घरी कधी पोचाल याचा भरवसा नसतो. पण इमारत कशी उभी राहते ते इथंच कळतं. ड्रॉइंग वाचून सळई, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर), लेव्हल तपासणं हे तर हवंच, शिवाय चुकीचं काम थांबवायची धमक हवी. आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा येते, माल घट्ट झालेला असतो आणि मिस्त्री विचारतो, ‘साहेब, थोडं पाणी मारू का?’ जादा पाण्याने काँक्रीटची ताकद घटते हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं असतं. पण मागे कामगार खोळंबलेले असताना गाडीच्या चलानावरची माल बनवल्याची वेळ बघणं, स्लंप (काँक्रीट किती पातळ-घट्ट आहे याची चाचणी) घेणं आणि माल निकषात बसत नसेल तर गाडी परत पाठवणं, हे प्रत्येकाला जमत नाही. कंपन्यांना नेमका असा माणूस हवा असतो.

बिलिंगमध्ये ऊन कमी, एक्सेल जास्त. मुलं या कामाला दुय्यम समजतात, ते मला अजिबात पटत नाही. ठेकेदाराचा पैसा या टेबलावरून सुटतो. मोजमापाचे नियम आयएस १२०० या भारतीय मानकात आहेत. १.२ बाय १.५ मीटरची खिडकी म्हणजे १.८ चौरस मीटर. भिंतीला दोन्ही बाजूंनी एकाच प्रकारचं प्लास्टर असेल तर ०.५ ते ३ चौरस मीटरच्या अशा उघड्या जागेची वजावट एकाच बाजूची होते. नवखा माणूस दोन्ही बाजू वजा करतो आणि बिलावरून वाद सुरू होतो. सळईचं वजनही तोंडपाठ हवं: मिमीमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन. १२ मिमीची १२ मीटर लांब सळई साधारण १०.६७ किलो भरते.

बीआयएमचं काम एसी ऑफिसातलं, परदेशी प्रकल्पांवरही मिळणारं. रेव्हिट आणि नेव्हिसवर्क्स ही त्यातली सॉफ्टवेअर काही महिन्यांत अंगवळणी पडतात, म्हणून क्लासवाल्यांच्या जाहिराती जोरात असतात. बीममधून ड्रेनेजचा पाइप जातोय हे सॉफ्टवेअर दाखवतं. पाइप वळवायचा की स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी बीममध्ये आधीच बसवलेली नळी) ठेवायची, हे मात्र बांधकाम समजणाराच सांगू शकतो. क्लासची फी भरायच्या आधी हे लक्षात घ्या.

सरकारी कनिष्ठ अभियंता व्हायचं असेल तर परीक्षेचा अभ्यास हेच मुख्य काम, त्यात इथली तुलना फारशी उपयोगी नाही.

माझं मत विचाराल तर निदान वर्ष-दीड वर्ष साइट करा, मग बिलिंग किंवा बीआयएमकडे वळा. फूटिंग (पाया) बघितलेल्या माणसाचं बिलही पक्कं असतं आणि मॉडेलही. घरच्या अडचणीमुळे किंवा तब्येतीमुळे साइट शक्य नसेल तर बिलिंगपासून सुरुवात करा, पण मोजमापाला स्वतः टेप घेऊन जा.

ऑफर आली की पगाराबरोबरच साइट कोणत्या टप्प्यावर आहे तेही विचारा. नुसत्या फिनिशिंगवर वर्ष गेलं तर सळई आणि सेंट्रिंग शिकायचं राहून जातं. मुलींनी साइटवर स्वच्छतागृह आहे का आणि उशीर झाल्यास घरी पोचवायची सोय काय, हेही निःसंकोच विचारावं.