बायबॅकचं पापड मशीन : सही करण्याआधी एवढं वाचा

‘मशीन तुमचं, कच्चा माल आमचा, तयार माल आम्हीच उचलणार.’ पुण्यात सिंहगड रस्त्यापासून हडपसरपर्यंत विजेच्या खांबांवर आणि मोबाइलवर ही बायबॅकची, म्हणजे तयार माल परत विकत घेण्याची, जाहिरात निरनिराळ्या नावांनी फिरत असते. कधी पापड, कधी फुलवाती, कधी कापूर, कधी द्रोण-पत्रावळी. आमच्या बचत गटातल्या चौघींनी पापडाचं मशीन घेतलं आणि पैसे घालवले. कंपनीचं नाव लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे हे एक, आणि नाव कळून फारसा उपयोगही नाही, कारण ते दर वेळी नवं असतं. पद्धत तीच असते, म्हणून पद्धत सांगते.

आम्ही धायरीकडच्या. कुणाचा पोळी-भाजीचा डबा, कुणाची भाजणी आणि मेतकूट, माझा दिवाळीचा फराळ आणि उन्हाळी वाळवणं. म्हणजे पदार्थातलं कळत नव्हतं असं अजिबात नाही. यांना तर तशाच बायका हव्या असतात. पहिला लॉट उत्तम निघावा लागतो ना!

ऑफिस स्वारगेटजवळच्या एका व्यापारी संकुलात. एसी, काचेचं दार, भिंतीवर फ्रेम केलेली प्रमाणपत्रं. आमच्या गटातल्या काकूंनी ती प्रमाणपत्रं चष्मा लावून वाचली. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद), जीएसटी, अन्न परवाना, सगळं खरंच होतं. आता कळतं ते असं, की उद्यम नोंदणी कुणीही ऑनलाइन, फुकट, स्वतःच माहिती भरून करू शकतं. अन्न नोंदणी तर आम्हा सगळ्यांकडेही होती; तेव्हा वर्षाला 12 लाखांच्या आत उलाढाल असली की वर्षाचे 100 रुपये पडायचे. ही कागदपत्रं खोटी नसतात. पण समोरचा माणूस खरोखर पापड विकतो का, हे त्यातला एकही कागद सांगत नाही.

ऑफिसातल्या मुलाने हिशोब मांडला. ‘ताई, महिन्याला 300 किलो, किलोमागे 60 रुपये मजुरी, झाले 18 हजार. मशीन एक लाख ऐंशी हजारांचं. दहा महिन्यांत फिटलं, पुढे सगळी कमाई.’ वर कच्च्या मालाचं डिपॉझिट 25 हजार, ‘करार संपला की परत’. शिवाय सरकारची 35 टक्के सबसिडी मिळवून देतो म्हणाला, फक्त फाइल करायचे पाच हजार वेगळे. अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची 35 टक्के सबसिडीची योजना तेव्हा होती, हे खरं आहे. पण ती बँकेच्या कर्जाला जोडलेली होती, मशीन विकणाऱ्याच्या हातात काही नव्हतं. खऱ्या योजनेचं नाव घेतलं की बाकीचं तपासायचं राहून जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

त्या हिशोबात वीजबिल नव्हतं, मदतीला येणाऱ्या बाईची मजुरी नव्हती आणि मुख्य म्हणजे गच्ची नव्हती. महिना 300 किलो म्हणजे कामाचे पंचवीस दिवस धरले तर रोजचे बारा किलो, हजाराच्या आसपास पापड. मशीन ते दोन-तीन तासांत काढेल, पण वाळवायचे कुठे? ज्याने आयुष्यात एकदा तरी उडदाचे पापड केलेत त्याला माहीत आहे की लाटण्यापेक्षा वाळवणं अवघड. कडक उन्हात ठेवले तर वाकडे होतात, सावलीत ठेवले तर आतून ओले राहतात आणि डब्यात बुरशी धरते. आणि करारात लिहिलं होतं, ‘दरमहा किमान 300 किलो’. म्हणजे चैत्र-वैशाखात जेवढे, तेवढेच आषाढातही. पुण्यात आषाढात पापड कोण करतं?

खरी मेख पुढच्या कलमात होती : ‘आर्द्रता, जाडी, रंग व आकार कंपनीच्या मानकानुसार असल्यासच माल स्वीकारला जाईल, कंपनीचा निर्णय अंतिम राहील.’ मानक म्हणजे किती टक्के ओलावा, तो कुठल्या यंत्राने, कुणासमोर मोजायचा, याबद्दल एक अक्षर नाही. 500 रुपयांचा स्टॅम्प पेपर, नोटरीचा शिक्का, सगळं रीतसर. नोटरी फक्त सही कुणी केली ते बघतो, करार न्याय्य आहे का ते नाही.

पहिला लॉट एप्रिलमध्ये गेला. वजन झालं, कौतुक झालं, आठवड्याच्या आत पैसे खात्यावर. ऑफिसात बोलावून पेढे दिले आणि आमचा व्हिडिओ काढला. नऊवारी नेसून या म्हणाले! तो व्हिडिओ पुढे किती जणींना दाखवला गेला ते नंतर हडपसरच्या एका ताईंचा फोन आला तेव्हा समजलं. ‘तुम्हाला बघून मी मशीन घेतलं,’ असं त्या म्हणाल्या. शिवाय नवीन बाई आणली की पाच हजार बक्षीस होतं. मला या सगळ्यात सर्वात वाईट गोष्ट हीच वाटते. ज्यांनी नणंदेला, शेजारणीला, माहेरच्या वहिनीला आणून ते पाच हजार घेतले, त्या नंतर तक्रारीवर सही करायला तयारच होईनात. घरातच भांडण लागेल म्हणून. बक्षीस विक्रीसाठी असतंच, पण त्याहून जास्त ते तोंडं बंद राहावीत म्हणून असतं, असं माझं मत आहे.

जूनपासून माल परत यायला लागला. ‘ओलावा जास्त.’ ‘कडा जाड.’ ‘रंग लालसर.’ पीठ त्यांचं, मसाला त्यांचा, मशीनची सेटिंग त्यांच्याच मेकॅनिकने केलेली. परत आलेल्या मालाचं पीठ ‘वाया गेलं’ म्हणून डिपॉझिटमधून कापलं. डिपॉझिट संपल्यावर नवीन पीठ हवं तर पुन्हा भरा. गणपतीच्या सुमारास फोन लागेनासे झाले, आणि ऑफिसला कुलूप. जागा अकरा महिन्यांच्या भाड्याने घेतली होती, असं वॉचमनने सांगितलं.

भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मशीन दाखवलं, तर तसंच नवं मशीन ते साधारण ऐंशी हजारांत बनवून देतात. तिथेच सगळा धंदा उलगडला. त्यांना पापड नकोच होते. फायदा मशीनमध्ये होता, आणि पहिल्या लॉटचे पैसे त्यातूनच दिलेले. पापड हवे असणारा माणूस कसा वागतो, ते बघायचं तर लिज्जतकडे बघा. 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेलं काम. आजही बहिणी तयार पीठ घरी नेतात, लाटून वाळवून आणून देतात आणि वजनावर मजुरी घेतात. लाखाचं मशीन कुणाच्या गळ्यात मारत नाहीत. काम देणारा आपल्याला पैसे देतो. इथे काम मिळवण्यासाठी आपणच दोन लाख मोजले.

आमच्यातल्या दोघींनी मुद्रा कर्ज घेतलं होतं. कोटेशन कंपनीनेच फुगवून दिलेलं. कंपनी पळाली, तरी बँकेचा हप्ता चालूच राहिला. बँकेला आमच्या कराराशी देणंघेणं नाही. तिसरीने पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. त्याबद्दल ती काही बोलत नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

चौकीत आधी ‘हा दिवाणी मामला आहे’ हेच ऐकायला मिळालं. एकेकटीने गेल्यावर तसंच होतं. मग वेगवेगळ्या भागांतल्या बायका शोधल्या, सगळ्यांचे करार शेजारी ठेवले. शब्द न् शब्द सारखा, नाकारण्याची कारणंसुद्धा सारखी. ते एकत्र घेऊन पोलीस आयुक्तालयात आर्थिक गुन्हे शाखेकडे अर्ज दिला, तेव्हा तो फसवणुकीचा म्हणून घेतला गेला. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 आहे. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 420 असतं.

ग्राहक आयोगाबद्दल मात्र नीट सांगते, कारण आम्हाला तीन जणांनी चुकीचं सांगितलं होतं. ‘धंद्यासाठी मशीन घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही’, असं. ते खरं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी कारण’ धरत नाहीत. ग्राहक पंचायतीच्या एका कार्यकर्त्यांनी ते कलम आम्हाला बोट ठेवून वाचायला लावलं. वस्तूसाठी आपण मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची, तेवढी पाळा. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठेवली तर तारखेचा एक पुरावा तयार होतो.

पुराव्यात काय टिकलं? व्हॉट्सॲपवरचे ‘ओलावा जास्त’ वाले मेसेज, आणि परत आलेल्या पोत्यांचे तारखेसकट फोटो. सबसिडीच्या फाइलसाठी रोख दिलेले पाच हजार मात्र कुठेच दिसत नाहीत, ते गेलेच. आणि ज्यांनी रागाने नाकारलेला माल फेकून दिला, त्यांच्याकडे दाखवायला काही उरलं नाही. पाच-दहा पापड पिशवीत बंद करून, वर तारीख लिहून ठेवा.

सही करण्याआधी तपासायचं असेल तर बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाका. महाराष्ट्रातला क्रमांक 27 ने सुरू होतो, आणि नोंदणीची तारीख तिथे दिसते. ‘बारा वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्यांची नोंदणी चार महिन्यांपूर्वीची निघाली होती. दुसरं, त्यांना विचारा की तुमचे पापड कुठल्या दुकानात मिळतात. मार्केट यार्डात, रविवार पेठेत, कुठेही. दुकानाचं नाव घ्या आणि जाऊन एक पुडा विकत घ्या. आमच्या कंपनीचा पुडा आम्हाला अजूनपर्यंत कुणी दाखवलेला नाही.

आयोगात पुढची तारीख पडली आहे. दरम्यान आम्ही मशीनची डाय, म्हणजे साचा, बदलून घेतली आणि त्यावर मठरीच्या पुऱ्या काढतो. त्या बऱ्या खपतात. हडपसर, वाघोली किंवा चिंचवडकडे अशाच मजकुराचा करार कुणाकडे असेल, तर तुमचा करार आणि ‘कंपनीचा निर्णय अंतिम’ वालं पान घेऊन आर्थिक गुन्हे शाखेत या. सारखं नुकसान झालेल्या बायकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते.